तान्ह्या पोळ्याला सर्व्हर उघडू नका

प्रश्न : नमस्कार ताई. नागपूरच्या इतवारीत आमचं नऊ जणांचं ऑफिस आहे. कळमन्यातले अडते आणि इतवारीतले ठोक दुकानदार यांच्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. सगळा कोड २००८ पासून सब्व्हर्जनमध्ये (एसव्हीएन, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतला जुना डबा, त्यावर सेंटओएस ६ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि सब्व्हर्जन १.६. मागच्या महिन्यात नवीन आलेल्या मुलानं टॉर्टॉइज एसव्हीएनची (विंडोजवरून सब्व्हर्जन वापरायचा क्लायंट प्रोग्राम) नवी आवृत्ती टाकली. कोडचं एक फोल्डर आम्ही तिघं जण नेटवर्क ड्राइव्हवरून वापरतो. त्यानं त्या फोल्डरवर ‘अपग्रेड’ दाबलं आणि तेव्हापासून बाकी दोघांना ‘हा क्लायंट फार जुना आहे’ असा संदेश येऊन राहिला. सगळे त्या पोरावर चिडून आहेत. मालक म्हणतात, अपग्रेड करायचंच तर एकदाचं गिट या दुसऱ्या व्यवस्थेवरच जाऊ, आणि तान्ह्या पोळ्याची सुट्टी आहे तर त्या दिवशी सगळं उरकून टाका. एका दिवसात होईल का? आधी काय करू, सर्व्हर की क्लायंट?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : आधी त्या पोराची बाजू घेते. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी नवीन टॉर्टॉइजनं त्याला तेच विचारलं असतं आणि त्यानंही तेच बटण दाबलं असतं. खोट तुमच्या तिघांच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे. ती व्यवस्था इतकी वर्षं चालली याचंच मला नवल वाटतं.

तुमच्या पत्रात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. सर्व्हरवरची रिपॉझिटरी वेगळी, प्रत्येकाच्या मशीनवरची वर्किंग कॉपी वेगळी आणि ती वापरणारा क्लायंट वेगळा. तुमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी ही गादीवरची पक्की वही आणि वर्किंग कॉपी म्हणजे मालाच्या थप्पीजवळ उभं राहून लिहिलेली कच्ची चिठ्ठी. चिठ्ठी फाटली तर दुसरी लिहिता येते. वहीला मात्र जपावं लागतं. तुमच्याकडे सध्या चिठ्ठी फाटली आहे. वहीला अजून कुणी हात लावलेला नाही.

चिठ्ठी काहून फाटली ते सांगते. सब्व्हर्जन १.६ पर्यंत वर्किंग कॉपीतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डॉट एसव्हीएन’ नावाचं एक लपलेलं फोल्डर असायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये १.७ आलं आणि ही सगळी पिल्लं जाऊन फक्त मुळाशी एकच ‘डॉट एसव्हीएन’ उरलं, त्यात एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा, छोटा डेटाबेस. १.८ मध्ये त्या डेटाबेसची रचना पुन्हा थोडी बदलली आणि तिथून १.१४ पर्यंत तीच राहिली. हा बदल एकाच दिशेनं होतो. नवीन झालेली वर्किंग कॉपी पुन्हा जुनी करायची आज्ञा सब्व्हर्जनमध्ये नाही. त्यामुळे तुमच्या दोघांच्या १.६ क्लायंटला ते फोल्डर आता वाचताच येत नाही, आणि पुढेही येणार नाही.

म्हणून आजचा इलाज : नेटवर्क ड्राइव्हवरचं ते फोल्डर सोडून द्या आणि तिघांनी आपापल्या मशीनच्या डिस्कवर आपापलं नवं चेकआउट घ्या, म्हणजे सर्व्हरवरून नवी वर्किंग कॉपी उतरवा. ज्याच्याकडे जुना क्लायंट आहे त्यानं जुन्यानं, नव्या पोरानं नव्यानं. १.१४ चा क्लायंट १.६ च्या सर्व्हरशी बोलतो आणि १.६ चा क्लायंट १.१४ च्या सर्व्हरशीही बोलतो, दोन्ही बाजूंना जमतील तेवढ्या सोयी वापरून. भांडण फक्त एकाच वर्किंग कॉपीवर दोन आवृत्त्यांचे क्लायंट चालवले तर होतं. एक वर्किंग कॉपी, एक माणूस, एक मशीन, हे आजपासून पाळा. तसंही एसक्यूलाइटची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकाच वेळी उघडणं हा जुगार आहे. चेकआउट घेताना फक्त ट्रंक, म्हणजे चालू कोडचं मुख्य फोल्डर, घ्या. वरच्या मुळाचं चेकआउट घेऊन सगळ्या टॅगसकट (जुन्या आवृत्त्यांच्या जपलेल्या प्रतींसकट) आख्खा इतिहास डिस्कवर ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि मग ‘एसव्हीएन फार स्लो आहे हो ताई’ म्हणून फोनही तेच करतात.

त्या सामायिक फोल्डरमध्ये कुणाचं अर्धवट काम पडलं असेल तर ते आधी वाचवा. नव्या पोराच्या मशीनवरून ते फोल्डर अजून उघडतं, तिथून वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या बाजूच्या फांदीवर) कमिट करा, म्हणजे सर्व्हरवर नोंदवा, किंवा पॅच, म्हणजे फक्त बदलांची फाइल, काढा. एक लक्षात ठेवा, ज्या फाइली कधी ‘अ‍ॅड’च केल्या नव्हत्या त्या पॅचमध्ये येत नाहीत. डेटाबेसच्या पासवर्डची कॉन्फिग फाइल नेमकी त्यांच्यातच असते. तिची हातानं कॉपी घ्या.

आता सर्व्हर. क्लायंट आधी की सर्व्हर आधी, याला तांत्रिकदृष्ट्या काही बंधन नाही. मी तुमच्या जागी असते तर आधी क्लायंट केले असते, कारण कुरबुर तिथे आहे. रोज एक-दोन जण, ज्याच्या डोक्यावर काम कमी तो पहिला. जुन्या वर्किंग कॉपीवर अपग्रेड चालवत बसण्यापेक्षा कमिट करा, ती बाजूला ठेवा आणि नवं चेकआउट घ्या. कुणाला अपग्रेडच करायचं असेल तर त्यानं आधी जुन्याच क्लायंटनं ‘क्लीनअप’ चालवावं. अर्धवट राहिलेल्या कामाच्या नोंदी आत असतील तर नवीन क्लायंट अपग्रेडला नकार देतो, आणि जुना क्लायंट तोवर काढून टाकलेला असला की मग धावाधाव होते. कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीएनचं प्लगइन असेल तर तेही बघा. प्लगइन बरेचदा स्वतःची सब्व्हर्जन लायब्ररी आत घेऊन फिरतं आणि टॉर्टॉइज नवीन टाकला म्हणून ते नवीन होत नाही. आणि रात्री बिल्ड काढणारं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं, मशीन. ते सगळे विसरतात.

रिपॉझिटरीकडे येते, कारण खरं काम इथे आहे. सर्व्हरवर रिपॉझिटरीच्या ‘डीबी’ फोल्डरमध्ये ‘एफएस-टाइप’ नावाची छोटी फाइल आहे, ती उघडून बघा. आत ‘एफएसएफएस’ (साध्या फाइलींत साठवायची पद्धत) लिहिलेलं असेल तर निवांत राहा. ‘बीडीबी’ असेल तर ती बर्कली डीबी या जुन्या डेटाबेसवर बसलेली आहे, आणि तो प्रकार १.८ पासून मोडीत काढायच्या यादीत गेला. मग डंप (आख्ख्या इतिहासाची एक फाइल) काढून नव्यात भरण्याशिवाय मार्ग नाही. २००८ ची आहे म्हणजे बहुधा एफएसएफएसच असेल.

एफएसएफएस असली तरी मी जागच्या जागी ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन अपग्रेड’ चालवायला सांगणार नाही. ते दोन मिनिटांत होतं खरं, पण ते फक्त पुढच्या कमिटांसाठी नवीन रचना लागू करतं, मागचा इतिहास होता तसाच ठेवतं. १.६ पासून सब्व्हर्जन हुबेहूब सारख्या मजकुराच्या फाइली एकदाच साठवतं. तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक अडत्यासाठी तीच डीएलएल (प्रोग्रामचा तयार भाग) आणि तीच रिपोर्टची फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये कमिट झालेली असते, तिथे याचा फायदा मोठा. पण २००८ मधल्या फाइलींना तो हवा असेल तर इतिहास पहिल्यापासून नव्या रिपॉझिटरीत भरावा लागतो. शिवाय सेंटओएस ६ ला नोव्हेंबर २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं आहे. त्या डब्यावर नवीन काही चढवण्यात अर्थ नाही. दुसरं मशीन घ्या. उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीत तर तिच्या भांडारात सब्व्हर्जनची १.१४ मालिकाच मिळते.

आता सुट्टीचं. भाऊ, तुम्हाला सुट्टी लागतच नाही! सांगते कसं.

एखाद्या साध्या मंगळवारी, ऑफिस चालू असताना, जुन्या सर्व्हरवर ‘व्हेरिफाय’ चालवा. तो पहिल्या रिव्हिजनपासून, म्हणजे पहिल्या कमिटपासून, सगळं वाचून बघतो. कुठे जुनी खराबी असेल तर ती आत्ता कळलेली बरी. मग ‘डंप’ काढा. डंपची फाइल रिपॉझिटरीपेक्षा कितीतरी मोठी होते, त्यामुळे जागा बघून ठेवा किंवा काढता काढताच जीझिपनं दाबून लहान करा. ती नव्या मशीनवर रिकाम्या रिपॉझिटरीत ‘लोड’ करा. रिव्हिजनचे नंबर तेच राहतात, म्हणजे तुमच्या तक्रारींच्या रजिस्टरमधले ‘र. अमुक मध्ये दुरुस्त’ हे शेरे खोटे पडत नाहीत. रिपॉझिटरीची आतली ओळखसुद्धा रिकाम्यात भरताना डंपमधूनच येते. लोड करताना हूक (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) चालत नाहीत, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या कमिटांचे मेल पुन्हा सुटतील ही भीती नको.

लोड मध्येच अडला तर बहुतेकदा जुन्या लॉग संदेशांमुळे (कमिट करताना लिहिलेल्या टिपांमुळे). विंडोजच्या पद्धतीचे ओळ-शेवट त्यांत शिरलेले असतात आणि नवीन आवृत्ती ते चालवून घेत नाही. १.१० पासून लोडला ‘नॉर्मलाइझ-प्रॉप्स’ हा पर्याय आहे, तो लावून पहिल्यापासून पुन्हा भरा. जुन्या मराठी फाँटात लिहिलेले लॉग संदेश असतील तर ते मात्र आधीही गिचमिड दिसत होते, पुढेही तसेच दिसतील. त्यावर वेळ घालवू नका.

लोड किती वेळ चालला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तेवढ्या वेळात लोक जुन्या सर्व्हरवर कमिट करतच असतील, करू द्या. मग ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सहाला सगळ्यांना कमिट थांबवायला सांगा, जुनी रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती करा (प्रत्येक कमिटला नकार देणारा दोन ओळींचा प्री-कमिट हूक पुरतो), आणि पहिल्या डंपनंतर जेवढ्या रिव्हिजन झाल्या तेवढ्यांचाच ‘इन्क्रिमेंटल’ डंप काढून नव्यात भरा. आठवडाभराच्या कमिटांना लागून लागून किती वेळ लागणार? जेवायला घरी जाल.

डंपमध्ये काय येत नाही हे मात्र पाठ करा : हूक, ‘कॉन्फ’ फोल्डर, पासवर्ड, कुणाला कुठलं फोल्डर दिसतं त्याच्या परवानग्या, आणि कुणी फाइलींवर लावून ठेवलेली कुलपं. पहिल्या चार गोष्टी हातानं न्यायच्या, कुलपं नव्यानं लावायची. हूक जुन्या पायथन २ मध्ये लिहिलेले असतील तर उबुंटू २२.०४ वर पायथन २ आपोआप नसतं, ते हूक बंद पडतील. शिवाय सब्व्हर्जन हूकला जवळजवळ रिकामं वातावरण देतं. त्यामुळे आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहावे लागतात आणि मराठी लॉग संदेश मेलमध्ये प्रश्नचिन्हं आणि आकड्यांची माळ होऊन येतात. १.८ पासून ‘कॉन्फ’मध्ये ‘हूक्स-एन्व्ह’ नावाची फाइल चालते. तिच्यात भाषेचं सेटिंग यूटीएफ-८ करून ठेवलं की मराठी नीट येतं.

पडताळणी. दोन्हीकडे शेवटच्या रिव्हिजनचा नंबर सारखा आला म्हणून टाळ्या पिटू नका. जुलै २०१७ चा टॅग दोन्ही सर्व्हरवरून एक्सपोर्ट करा, म्हणजे जीएसटी लागला तेव्हाची तुमची पहिली आवृत्ती, आणि दोन्ही फोल्डर एकमेकांशी ताडून बघा. त्याच्या आधीचा, व्हॅटच्या काळातला एखादा टॅगही घ्या. उद्या एखाद्या अडत्याची जुनी केस निघाली तर तोच मागितला जाईल. नव्या रिपॉझिटरीवरही ‘व्हेरिफाय’ चालवा. आणि जुना डबा महिनाभर तसाच, वाचण्यापुरता, चालू राहू द्या. तो भंगारात द्यायची घाई मालकांना फार असते.

तारीख निवडायची तर जीएसटीच्या तारखा बघून निवडा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न). त्या आठवड्यांत तुमचे गिऱ्हाईक तुम्हाला श्वास घेऊ देत नाहीत आणि एखादी दुरुस्ती तासाभरात पाठवावी लागते. २१ ते २५ मधली संध्याकाळ घ्या. तान्ह्या पोळ्याचं तर नावच काढू नका. त्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. इतवारी आणि महालात पाय ठेवायला जागा नसते. ‘घेऊन जा गे मारबत’च्या गजरात तुमच्या मागच्या खोलीतला डबा बंद पडला तर धरमपेठेतून तिथवर पोहोचणार कसे? ती सुट्टी मुलाबाळांच्या लाकडी बैलांसाठी ठेवा.

राहता राहिलं गिट. मालकांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते त्याच संध्याकाळी नको. आवृत्ती चढवणं म्हणजे तीच सवय नव्या मशीनवर नेणं. गिटवर जाणं म्हणजे नऊ माणसांच्या सवयी बदलणं. दोन्ही एकत्र केलंत तर उद्या काही बिघडल्यावर कशानं बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि पुढे गिटचा विचार कराल तेव्हा दोन गोष्टी आधी तपासा. क्रिस्टल रिपोर्टच्या ‘आरपीटी’ फाइली वापरत असाल तर त्या बायनरी असतात, दोघांचे बदल मर्ज होत नाहीत, म्हणजे एकत्र जुळवता येत नाहीत. सब्व्हर्जनमध्ये त्यांना कुलूप लावता येतं. गिटमध्ये स्वतःचं कुलूप नाही, त्यासाठी गिट एलएफएस हे मोठ्या फाइलींसाठीचं जोड-सॉफ्टवेअर लावावं लागतं. दुसरं, सब्व्हर्जनमध्ये एखादं फोल्डर ठराविक माणसांनाच दाखवता येतं. गिटमध्ये ज्याला रिपॉझिटरी मिळाली त्याला ती सगळी मिळाली. गिऱ्हाइकांच्या फाइली त्याच झाडात ठेवल्या असतील तर आधी त्या वेगळ्या काढाव्या लागतील. तेवढं घरचं काम झालं की पुन्हा लिहा. तोवर मर्जचा त्रास १.६ पेक्षा कितीतरी कमी झालेला दिसेल. १.८ पासून ब्रँच परत ट्रंकमध्ये आणताना ‘रीइंटिग्रेट’ हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि १.१० पासून नाव बदललेल्या किंवा हलवलेल्या फाइलींचे तंटे क्लायंट स्वतःच बरेचसे सोडवून देतो.

---

प्रश्न : ताई, आम्ही चौघी हिंगणा रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टचं गिट रिपॉझिटरीचं फोल्डर एका पेनड्राइव्हवर आहे, तो आळीपाळीनं वापरतो. लॅबमध्ये इंटरनेट जवळजवळ बंदच असतं. सुट्टीत लॅबवाल्या सरांनी सगळ्या पीसींवर गिट अपडेट केलं. आता गिट म्हणतं, फोल्डरची मालकी संशयास्पद आहे, आणि काहीच करू देत नाही. सरांना सांगून जुनं गिट परत टाकून घ्यावं का?
– चौघी जणी

उत्तर : मुलींनो, सरांना त्रास देऊ नका. अपडेट करून त्यांनी तुमचं भलंच केलं आहे.

हा बदल एप्रिल २०२२ मध्ये गिट २.३५.२ पासून आला. गिट ज्या फोल्डरमध्ये चालवाल तिथून वर वर जात ‘डॉट गिट’ शोधतं आणि सापडलेल्या कॉन्फिगमधलं सगळं मानतं. त्या कॉन्फिगमध्ये दुसरा प्रोग्राम चालवायची आज्ञाही लिहिता येते. आता लॅबच्या पीसीचा विचार करा, जिथे दिवसभरात पाच बॅचेस बसतात. कुणी सी ड्राइव्हच्या मुळाशी गुपचूप एक ‘डॉट गिट’ फोल्डर करून ठेवलं, तर खालच्या कुठल्याही फोल्डरमध्ये तुम्ही नुसतं ‘स्टेटस’ विचारलं तरी त्याचा प्रोग्राम तुमच्या नावानं चालू शकत होता. म्हणून गिट आता फोल्डरचा मालक आणि चालवणारी व्यक्ती एकच आहे का ते बघतं. तुमचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचा असेल. त्यात मालकाची नोंदच नसते, म्हणून गिट अडून बसतं.

ताबडतोब मोकळं व्हायचं असेल तर ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या नावाखाली त्या एका फोल्डरचा पत्ता भरा. संदेशातच पूर्ण आज्ञा दिलेली असते, तीच चालवा. पत्त्याऐवजी तारांकन टाकून सगळंच सुरक्षित घोषित करायचा सल्ला कुणी सीनिअर देईल. घरच्या लॅपटॉपवर चालेल एक वेळ, लॅबच्या पीसीवर नाही.

पण मला खरी काळजी पेनड्राइव्हची आहे. चौघींचं वर्षभराचं काम एका पेनड्राइव्हवर, आणि तो बर्डीच्या बसमध्ये कुणाच्या तरी पर्समध्ये! गिटमध्ये प्रत्येकीकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असावी, म्हणूनच तर ते वापरायचं. आजच चौघींनी आपापल्या लॅपटॉपवर त्या फोल्डरचं क्लोन (इतिहासासकट पूर्ण प्रत) घ्या. घरी इंटरनेट असेल तर एखाद्या होस्टिंगवर खाजगी रिपॉझिटरी उघडा आणि लॅबमधून जे न्यायचं-आणायचं त्यासाठी ‘बंडल’ वापरा. गिटची ही आज्ञा फारशी कुणाला माहीत नसते. सगळ्या ब्रँचसकट इतिहासाची एकच फाइल बनते, ती पेनड्राइव्हवर टाकायची आणि दुसरीकडे तिच्यातूनच क्लोन किंवा फेच (फक्त नवे बदल ओढणं) करायचं. ती नुसती फाइल असल्यामुळे तिच्यासाठी मालकीचा हा वाद उभा राहत नाही.

चौघींच्या गिटच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या तरी रिपॉझिटरीला काही होत नाही. फरक दोन ठिकाणी जाणवेल. ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या आज्ञा ऑगस्ट २०१९ च्या २.२३ मध्ये आल्या, त्याआधीच्या गिटला त्या समजत नाहीत. आणि पहिल्या ब्रँचचं नाव एकीकडे ‘मास्टर’, दुसरीकडे ‘मेन’ निघेल. एक ठरवून टाका. व्हायव्हाला परीक्षक हेच विचारतात, आणि तेवढ्यावर दोन मार्क जातात.

---

प्रश्न : वर्धा रोडवरच्या आमच्या कंपनीत स्वतःच्या मशीनवर गिटलॅब (गिट रिपॉझिटरी सांभाळणारं सर्व्हर-सॉफ्टवेअर) आहे, आवृत्ती १३.१२. चार वर्षांत हात लावला नाही. सरळ आत्ताच्या आवृत्तीचं पॅकेज चढवलं तर चालेल ना? बॅकअप रोज होतो.
– सिस्टीम सांभाळणारा

उत्तर : चालणार नाही, बाप्पा. गिटलॅबच्या वाटेत सक्तीचे थांबे आहेत, कारण प्रत्येक टप्प्यावर डेटाबेसची रचना बदलते आणि पुढची आवृत्ती मागचा बदल पूर्ण झालेला आहे असं धरून चालते. १३.१२ वरून १४.०, १४.३, १४.९, १४.१०, १५.०, १५.४, १५.११ असं जात मग १६ मध्ये शिरायचं, आणि १६ च्या पुढेही थांबे आहेतच. प्रत्येक थांब्यावर त्या मालिकेतली शेवटची दुरुस्ती-आवृत्ती घ्या. पॅकेज चढलं आणि पान उघडलं म्हणजे थांबा संपला असं नसतं. मागे पार्श्वभूमीत स्थलांतरं, म्हणजे डेटाबेस नव्या रचनेत नेणारी कामं, चालू असतात. अ‍ॅडमिनच्या पानावर ती सगळी ‘पूर्ण’ दिसेपर्यंत पुढचं पॅकेज लावायचं नाही. मोठ्या डेटाबेसवर याला तासन्‌तास लागू शकतात. गिटलॅबच्या खालच्या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसचीही किमान आवृत्ती वाटेत बदलते : १४.० ला १२ लागते, १६.० ला १३.

‘बॅकअप रोज होतो’ या तुमच्या वाक्यावर मी जास्त वेळ थांबले. गिटलॅबचा बॅकअप ज्या आवृत्तीवर काढला नेमक्या त्याच आवृत्तीवर परत भरता येतो. म्हणजे १३.१२ चा बॅकअप घेऊन १५ वर भरू म्हणाल तर तो भरणार नाही. आणि नेहमीच्या बॅकअपमध्ये ‘गिटलॅब-सीक्रेट्स’ ही फाइल आणि मुख्य कॉन्फिग फाइल नसते, मुद्दामच. ती सीक्रेट्स फाइल गेली तर डेटाबेसमधली कुलूपबंद माहिती, दोन पायऱ्यांच्या लॉगिनची गुपितं आणि सीआयची (आपोआप बिल्ड-चाचणी करणाऱ्या व्यवस्थेची) व्हेरिएबलं, उघडायला किल्लीच राहत नाही. ती दोन्ही आजच वेगळ्या जागी, बॅकअपपासून लांब ठेवा. मग एका फालतू मशीनवर १३.१२ टाकून परवाचा बॅकअप भरून बघा, आणि आख्खी वाट आधी त्याच मशीनवर चाला. तिथे प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मालकांना दाखवा. बंद काळ किती मागायचा हे तुम्हाला त्यातून कळेल. मे महिन्यात करणार असाल तर सर्व्हरच्या खोलीचा एसी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या आधी तपासून घ्या. स्थलांतर चालू असताना वीज गेली तर अर्ध्या बदललेल्या डेटाबेसशी रात्रभर झुंजावं लागेल.

---

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवरून गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर पुश करताना (बदल पाठवताना) बरोबर पासवर्ड टाकूनही नकार येतो. वेबसाइटवर तोच पासवर्ड चालतो. गिट अपडेट केलं तर जाईल का?
– एक वाचक, सदर

उत्तर : गिटच्या आवृत्तीचा यात दोष नाही. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्याच्या जागी टोकन (गिटहबनं बनवून दिलेला लांब गुप्त कोड) बनवा आणि पासवर्ड विचारेल तिथे ते चिकटवा, किंवा एसएसएच किल्ली बनवून रिमोटचा, म्हणजे गिटहबवरच्या रिपॉझिटरीचा, पत्ता बदला. टोकनला फक्त लागेल तेवढ्याच रिपॉझिटरीचे हक्क द्या आणि मुदत घाला. विंडोज असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो आधी पुसा, नाहीतर टोकन विचारायची वेळच येणार नाही आणि तोच नकार पुन्हा दिसत राहील.